पिशवीला आठवतं, फाशाला नाही

नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीत गणपतीत हाउजी असते. यंदा पंधरा आकडे पुकारून झाले तरी शेजारच्या काकूंच्या तिकिटावर पेनाची एक रेघ नव्हती. "आता माझा येणारच बघ," त्या म्हणाल्या. पायाशी सतरंजीवर त्यांची नात लुडो खेळत होती. तिलाही कितीतरी वेळ सहा पडत नव्हता. फासा डब्यात खुळखुळवत तीही तेच म्हणाली, "आता पडणारच!"

वाक्य एकच. पण काकूंच्या म्हणण्यात तथ्य होतं, नातीच्या नव्हतं.

हाउजीच्या पिशवीत आकडे ९०, तिकिटावर १५. पहिलाच आकडा आपला निघण्याची संभाव्यता १५/९०, म्हणजे १/६. फाशावर सहा पडण्याचीही तेवढीच. पुढे मात्र वाटा फुटतात. निघालेला आकडा पुन्हा पिशवीत जात नाही. पंधरा परके आकडे बाहेर पडले की आत ७५ उरतात, आणि काकूंचे पंधराच्या पंधरा त्यांतच असतात. संभाव्यता झाली १५/७५, म्हणजे १/५. 'येणारच' ही खात्री नव्हे, पण पारडं जरा झुकलं हे खरं. फाशाच्या सहाही बाजू जागच्या जागी असतात. सोळाव्या वेळीही १/६च.

आधीच्या घटनेनं नंतरच्या घटनेची संभाव्यता बदलली, तर त्या अवलंबी घटना. नाही बदलली, तर स्वतंत्र. गुणाकार दोन्हीकडे होतो. लागोपाठ दोनदा सहा: १/६ × १/६, छत्तिसात एकदा. हाउजीत पहिले दोन्ही आकडे आपले: १५/९० × १४/८९, साधारण अडतिसात एकदा. तो १४/८९ नीट पाहा. पहिला आकडा निघून गेल्यानंतरची पिशवी त्यात आहे. माझ्या मते हा सगळा विषय त्या एका अपूर्णांकात आहे.

पिशवी डोळ्यांसमोर नसली की खरी पंचाईत होते. ठाण्याहून वाशीला आणि पनवेलला जाणाऱ्या लोकल वेगळ्या, पण तुर्भ्यापर्यंत मार्ग एकच. पावसात एक रखडली, तर दुसरी वेळेवर येईल ही आशाही कमी करावी लागते.

इंग्लंडमधल्या सॅली क्लार्क यांची दोन तान्ही बाळं दगावली. १९९९मध्ये त्यांच्यावर खुनाचा खटला चालला. बालरोगतज्ज्ञ रॉय मेडो यांनी साक्ष दिली: क्लार्क यांच्यासारख्या घरात एका बाळाचा अकस्मात मृत्यू ८,५४३मध्ये एक, म्हणून दोघांचा ८,५४३ × ८,५४३, सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक. हा गुणाकार फाशाचा होता, आणि तो बाळांना लावला गेला. आईबाप तेच, घर तेच; रक्तातलं किंवा घरातलं एखादं कारण दोघांनाही भोवू शकतं. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीनं २००१मध्ये या आकड्यावर जाहीर आक्षेप घेतला. तो गुणाकार वाचताना आजही पोटात कालवतं. दुसऱ्या बाळाच्या तपासणीचे, खटल्यात समोर न आलेले अहवाल पुढे उजेडात आले आणि २००३मध्ये अपिलात शिक्षा रद्द झाली. तोवर सॅली यांची तुरुंगात तीन वर्षांहून अधिक गेली होती.