भुलीनंतर अंग का तापलं?

मेलबर्नच्या रुग्णालयात २१ वर्षांचा एक विद्यार्थी पाय मोडून दाखल झाला. त्याला धास्ती होती ती मात्र भुलीची. त्याचे दहा नातलग ईथरची भूल दिल्यावर दगावले होते. डॉक्टरांनी ईथर टाळून हॅलोथेन हे भुलीचं दुसरं औषध दिलं, तरीही त्याचं अंग तापलं, रक्तदाब कोसळला. सुदैवाने तो वाचला. डेनबरो आणि लव्हेल या डॉक्टरांनी १९६० मध्ये ही हकिगत प्रसिद्ध केली. या आजाराला आज मॅलिग्नंट हायपरथर्मिया म्हणतात.

बिघाड असतो स्नायुपेशीत. तिथे कॅल्शियमची एक बंदिस्त कोठी असते आणि कोठीबाहेर कॅल्शियम हजारो पटींनी कमी. कोठीला रायनोडिन रिसेप्टर नावाच्या प्रथिनांची दारं असतात. चार सारखे भाग जुळून बनलेलं हे दार पेशीतल्या सर्वांत मोठ्या चॅनेलपैकी, म्हणजे कॅल्शियमसारख्या आयनांना वाट देणाऱ्या प्रथिनांपैकी, एक आहे. चेतातंतूचा संदेश आला की दार उघडतं, कॅल्शियम बाहेर येतं आणि स्नायू आकुंचन पावतो.

उघडण्याइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, काळजी पेशी दार बंद ठेवण्याची घेते. स्नायू सैल असताना मॅग्नेशियम ते उघडू देत नाही, एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, मात्र उघडायला मदत करतं. खुद्द कॅल्शियमची भूमिका दुहेरी आहे: थोडं असलं तर दार उघडतं, फार वाढलं तर मिटतं. कॅल्मोड्युलिन हे छोटं प्रथिनही कॅल्शियमच्या पातळीनुसार बाजू बदलतं. मला यातली ही रचना फार विलक्षण वाटते, कारण जे बाहेर पडतं तेच स्वतःला आवर घालतं.

या प्रथिनाच्या जनुकात दोष असला, तर हॅलोथेनसारख्या वायूमुळे दार उघडंच राहतं. स्नायू ताठरतात. सांडलेलं कॅल्शियम परत कोठीत भरायला पंप अखंड राबतात, एटीपी जळतं, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि शरीर भट्टीसारखं तापतं. डॅन्ट्रोलिन हे औषध याच दारातली गळती कमी करतं. ते नव्हतं तेव्हा बहुतेक रुग्ण दगावत. आता वेळेवर मिळालं तर बहुतेक वाचतात.

दोष आई किंवा वडील, कुणा एकाकडून आला तरी पुरतो. संशय असेल तर काही केंद्रांत मांडीच्या स्नायूचा ताजा तुकडा काढून त्यावर कॅफीन आणि हॅलोथेन सोडतात आणि तो किती आखडतो ते मोजतात. शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञ “घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का?” असं विचारतात, त्यामागे हेही एक कारण असतं. तेव्हा आठवून, घरच्यांना विचारून नीट उत्तर द्या.