मे महिन्यात दात का वाजतात?

मे महिना, दुपारचा दीड. पुण्यापासून तासाभराच्या अंतरावरचा एक वॉटर पार्क. फरशी इतकी तापलेली की अनवाणी पाय टेकवत नव्हता, आणि त्याच फरशीवर आमची साडेचार वर्षांची धाकटी कुडकुडत उभी होती. ओठ जांभळे पडलेले, दात कडकड वाजताहेत. "एवढ्या उन्हात थंडी कसली वाजते गं?" म्हणत माझ्या आईने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. शेजारी तिचा बाबा, तेवढाच वेळ पाण्यात डुंबून आलेला, मजेत मक्याचं कणीस खात होता.

पाणी काही बर्फाचं नव्हतं. असेल २८ अंशांच्या आसपास. हवा २८ अंश असली की आपण पंखासुद्धा लावत नाही, पण पाणी उष्णता वाहून नेतं ती हवेच्या सुमारे चोवीसपट सहज. शरीर आतून ३७ अंशांचं, त्यामुळे २८ अंशांच्या पाण्यातही त्याची उष्णता सतत पाझरत राहते. मग मेंदू कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आवळून घेतो, म्हणजे गरम रक्त आतल्या अवयवांजवळ राहावं. ओठ जांभळे दिसतात ते त्यामुळे. तरी भागलं नाही तर स्नायू थरथरायला लागतात, कारण स्नायू हलले की उष्णता तयार होते. दात वाजणं ही शरीराने पेटवलेली शेगडीच.

पण मग बाबाचे दात का वाजत नव्हते? याचं उत्तर कॅन्टीनच्या कागदी प्लेटमध्ये होतं. आम्ही एक बटाटेवडा आणि चार मूगभजी घेतली होती. दोन्ही एकाच कढईतून निघालेली. भजी दोन मिनिटांत खाण्याजोगी झाली, वड्याने मात्र पाच मिनिटांनीही पुतण्याची जीभ पोळली. वस्तू सगळ्या बाजूंनी दुप्पट मोठी केली की तिचा पृष्ठभाग चौपट होतो आणि वस्तुमान आठपट. म्हणजे मोठ्या वस्तूत उष्णता साठवणारा ऐवज जास्त, आणि ती बाहेर पडायला जागा त्या मानाने कमी. हे गणित गॅलिलिओने १६३८ साली मांडलं. त्याच्यासमोर प्रश्न होता तो हाडांचा आणि तुळयांचा, पण वड्याला आणि भजीलाही तेच लागू पडतं. आमच्या घरात बाबा म्हणजे वडा. बहात्तर किलोच्या माणसाच्या अंगावर साधारण १.९ चौरस मीटर त्वचा असते, सोळा किलोच्या मुलीच्या अंगावर साधारण ०.७. भागाकार केला तर दर किलोमागे धाकटीच्या वाट्याला बाबाच्या दीडपटीहून जास्त त्वचा येते. ती मुळात भजी आहे.

त्यात आम्ही तिला "उन्हात उभी राहा, वाळशील" म्हणून पाण्याबाहेर काढलं, आणि ती जास्तच कुडकुडायला लागली. ओल्या अंगावर वारा लागला की पाणी उडून जातं, आणि जाताना दर ग्रॅममागे जवळपास ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातं. माठ थंड होतो तो याच व्यवहारावर. ओल्या पोहण्याच्या कपड्यात पन्नास ग्रॅम पाणी सहज राहतं, म्हणजे साधारण पाव वाटी. ते सगळं उडून जायला लागणारी उष्णता फक्त तिच्या अंगातून घेतली गेली असती, तर सोळा किलोच्या शरीराचं तापमान सुमारे दोन अंशांनी उतरलं असतं. तसं होत नाही, बरीचशी उष्णता ऊन आणि हवा पुरवतात, शरीरही नवी बनवत असतं. पण खर्च केवढा आहे ते लक्षात येतं. ओला कपडा काढून, अंग खसखसून पुसून, कोरडा पंचा गुंडाळला आणि पाच मिनिटांत दात वाजायचे थांबले. हे आईने केलं. मी तोवर मनात भागाकार करत होते.

मोठ्या घसरगुंडीवर नवरा आणि नऊ वर्षांचा पुतण्या शेजारच्या दोन पन्हाळ्यांतून एकदमच सुटले. शाळेत शिकवतात की घसरणाऱ्या वस्तूचा वेग तिच्या वजनावर ठरत नाही. सहा मीटर उंचीवरून काहीही घर्षण न होता कोणी खाली आलं, तर तळाशी वेग ताशी ३९ किलोमीटर भरतो. हत्ती असो की उंदीर. प्रत्यक्षात नवरा साफ पुढे निघून गेला आणि पुतण्याने "काकाने ढकललं स्वतःला" असा निषेध नोंदवला. काकाने ढकललं नव्हतं. फायबरच्या घसरगुंडीवर पाण्याचा पातळ थर वाहत असतो आणि आपण त्या थरावरून घसरतो. हा थर अंगाला मागे ओढतो तो अंगाखालच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात, समोरची हवा अडवते तीही क्षेत्रफळाच्याच प्रमाणात. खाली खेचणारं बल मात्र वजनाच्या प्रमाणात. पुन्हा भजी आणि वडा. हलक्या अंगाला ब्रेक जास्त लागतो.

उंची मोजायची ती रंगीत पट्टी वर जिन्याशी असते, तिच्यामागचं एक कारण हेच. हलकं मूल बंद नळीच्या सपाट वळणात मध्येच अडकून बसू शकतं, आणि मागून ऐंशी किलोचा काका सुटलेला असतो. पट्टीपाशी "चार बोटांनी काय होतंय हो, सोडा की" अशी हुज्जत घालणारे आईबाप मी त्या दिवशी तीन पाहिले. नायलॉनच्या कपड्यांची सक्तीही नुसती भाड्याच्या पैशांसाठी नसते. सुती कपडा पाणी पिऊन जड होतो, घसरगुंडीला चिकटतो, आणि त्याचे तंतू सुटून पाणी गाळणाऱ्या यंत्रणेत जाऊन बसतात. भाडं जास्त होतं हे खरंच, पण तो वेगळा विषय.

दुपारनंतर पुतण्याचे डोळे लाल झाले. "क्लोरीन जास्त टाकलाय, वास बघा केवढा येतोय," शेजारच्या बाकावरचे आजोबा म्हणाले. वर, "म्हणजे पाणी स्वच्छ आहे," असंही म्हणाले. दोन्ही गोष्टी उलट्या आहेत. पाण्यात मिसळलेला क्लोरीन योग्य प्रमाणात असेल तर त्याचा वास जेमतेम येतो. नाकात जाणारा तो उग्र वास क्लोरामाइन या संयुगांचा. आपला घाम आणि लघवी यांतला युरिया आणि अमोनिया क्लोरीनला भेटला की ती तयार होतात. डोळे चुरचुरतात ते मुख्यतः त्यांच्यामुळे, आणि अशा रीतीने खर्च झालेला क्लोरीन जंतू मारायच्या कामातून बराचसा बाद होतो. त्यात मे महिन्याचं कडक ऊनही क्लोरीन मोडत असतं. तलावाला भपकारा येत असेल तर क्लोरीन जास्त पडलेला नसून माणसं जास्त पडलेली आहेत, एवढाच अर्थ. आत जाताना साबण लावून आंघोळ करा असा फलक असतो आणि सगळे नुसते शॉवरखालून पळत जातात. एका मिनिटाच्या आंघोळीने बराच घाम, तेल आणि इतर ऐवज अंगावरून निघून जातो.

क्लोरीनचं एक दुबळं ठिकाणही सांगून टाकते. बहुतेक जिवाणूंना तो काही मिनिटांत संपवतो, पण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जुलाबाचा एक परजीवी जाड कवचाच्या आधारे नेहमीच्या क्लोरीनमध्ये आठवडाभराहून जास्त तग धरू शकतो. लहान मुलं पाणी गिळतातच. म्हणून मुलाला जुलाब होत असतील तर तिकिटांचे पैसे बुडू द्यावेत. पोहण्याचे डायपर घन वस्तू थोडा वेळ अडवतात, पातळ काही अडवत नाहीत.

मुलांच्या भागात सगळ्यांचा जीव वरच्या मोठ्या बादलीत अडकलेला होता. ती भरते, घंटा वाजते, खाली पोरं "आली, आली" ओरडत गोळा होतात आणि बादली उलटते. पुतण्याची खात्री होती की वर कोणीतरी बटण दाबणारा बसलेला आहे. तो माणूस शोधायला त्याने दोनदा मागून फेरी मारली. तसा कोणी नसतो. बादली दोन बाजूंच्या आडव्या आसावर टांगलेली असते. रिकामी असताना तिचा गुरुत्वमध्य आसाच्या खाली असतो, म्हणून ती सरळ राहते. पाणी चढेल तसा गुरुत्वमध्य वर सरकतो, आणि आसाच्या वर गेला की तोल सुटतो. पाणी सांडलं की जड बूड तिला पुन्हा सरळ करतं. आपल्या हवामान खात्याच्या स्वयंचलित पर्जन्यमापकांतही अशाच दोन इवल्या बादल्या आलटूनपालटून कलंडतात आणि यंत्र ते कलंडणं मोजतं. पार्कमधल्या बादलीत हजार लिटर पाणी असेल तर ते एक टन वजन झालं, म्हणून तिच्याखाली बहुधा उतरतं छप्पर असतं. पाणी त्यावर फुटून चादरीसारखं खाली येतं.

बादली उलटते त्याच कारणाने लहान मूलही उलटतं. मोठ्या माणसाचं डोकं उंचीच्या साधारण आठव्या हिश्शाइतकं असतं, तान्ह्या बाळाचं चौथ्या. चार-पाच वर्षांचं मूल या दोघांच्या मधलं. वरचा भाग जड, पाय आखूड, त्यामुळे घोटाभर पाण्यात वाकलं की पुढे कलंडतं, आणि जड डोकं उचलून उठायला मोठ्यांपेक्षा जास्त कष्ट पडतात. बुडणारं माणूस हात हलवून ओरडतं हे आपण सिनेमात पाहिलेलं. प्रत्यक्षात तोंड पाण्याच्या वर येतं त्या निमिषात फक्त श्वास घेतला जातो, ओरडायला हवा उरत नाही. हात आपोआप बाजूला पसरून पाणी खाली दाबत राहतात, ते वर करून हाक मारता येत नाही. धडपड एक मिनिटही टिकत नाही आणि सगळं शांततेत होतं. त्यामुळे मी काठावरच्या छत्रीखालची जागा सोडून गुडघाभर पाण्यात, धाकटीपासून हाताच्या अंतरावर बसून राहिले. फोन लॉकरमध्ये होता. दंडात घालायच्या हवेच्या फुग्यांवर माझा काडीचा विश्वास नाही.

तिथेच तिने मला बोटं दाखवली. "आई, मी आजी झाले."

बोटांना सुरकुत्या पडतात त्या कातडी पाणी पिऊन फुगते म्हणून, असंच मीही शिकले होते. पण १९३६ साली थॉमस लुईस आणि जॉर्ज पिकरिंग या डॉक्टरांनी नोंदवलं की हाताची विशिष्ट नस दुखावलेल्या रुग्णांच्या त्या भागातल्या बोटांना पाण्यात सुरकुत्या पडतच नाहीत. नुसतं भिजणं असतं तर नसेचा संबंध काय? सुरकुत्या मज्जासंस्था घडवून आणते. ती बोटांच्या टोकांतल्या रक्तवाहिन्या आवळते, आतला गर आक्रसतो आणि वरच्या कातडीला घड्या पडतात. ज्या लहान मुलांना "इथे कळतंय का, तिथे कळतंय का" याचं उत्तर देता येत नाही, त्यांची नस शाबूत आहे का हे डॉक्टर बोटं पाण्यात बुडवून पाहू शकतात. या घड्यांचा उपयोग काय, यावर मात्र एकमत नाही. २०१३ साली न्यूकॅसल विद्यापीठातल्या प्रयोगात सुरकुतलेल्या बोटांनी ओल्या गोट्या जास्त झटपट उचलता आल्या, टायरच्या खाचांसारखं पाणी निघून जातं असा त्यामागचा तर्क. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने तसाच प्रयोग केला आणि काहीच फरक आढळला नाही.

धाकटीला आजीपण फार आवडलं होतं. गाडीत बसल्यावर ती दर दोन मिनिटांनी बोटं तपासत होती. टोलनाका यायच्या आत ती गुळगुळीत झाली आणि ती रडायला लागली.