जिंकल्यानंतरची चर्चा (सांगली-मिरज)

जिंकल्यानंतरची चर्चा म्हणजे आपल्या टीमनं मोठी मॅच मारली की त्या रात्री नायतर दुसऱ्या दिवशी सकाळी फुटबॉलवाली मंडळी एकत्र जमून तीच मॅच पहिल्या मिनिटापासून परत तोंडानं खेळतात, ती बैठक. सांगली-मिरजेत हिला खास असं नाव नाही, 'बसूया की' एवढंच म्हणतात आणि सगळ्यांना कळतं. टीम बहुतेक वेळा लांबची असते, अर्जेंटिना, ब्राझील, लिव्हरपूल, बार्सिलोना, रिअल माद्रिद, मँचेस्टरच्या दोन्ही, आणि बोलणाऱ्यातलं कुणी त्या गावाला गेलेलं नसतं, तरी बोलताना शब्द 'आपण' हाच. 'आपण दुसऱ्या हाफला मागं का बसलो?' असं सांगलीतल्या विश्रामबागेत चहाच्या गाड्यावर उभं राहून विचारतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, जो माणूस रात्री दीडचा गजर लावून उठतो त्याची ती टीम झालीच.

हारल्यावर पण लोक बोलतात, पण ते बोलणं वेगळं. हारल्यावर एकतर फोन उलटा टाकून झोपायचं नायतर रेफरीला शिव्या घालायच्या, खेळाबद्दल त्यात फार काही नसतं. जिंकल्यावर मन मोकळं असतं, कुणाला काही लागत नाही, म्हणून टीमच्या चुका खऱ्या अर्थानं बोलल्या जातात त्या जिंकलेल्या रात्रीच. बाहेरच्याला वाटतं की ही नुसती आरडाओरड आहे, तसं नाही, पहिली दहा-पंधरा मिनिटं आरडाओरड असते, 'नाद खुळा', 'विषय हाय का मर्दा', हे सगळं होतं, मग कोणतरी चहाचा ग्लास खाली ठेवतो आणि म्हणतो, 'ते सगळं खरं, पण...' आणि तिथून खरी चर्चा सुरू होते.

वेळेचा हिशोब

हा विषय वेळेशी बांधलेला आहे म्हणून आधी तो सांगतो. इंग्लंडमधली शनिवारी दुपारी तीनची मॅच आपल्याकडं उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसातला आणि हिवाळ्यात साडेआठला येते, कारण तिकडं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागं घेतात आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी परत पुढं. या मॅचा खुद्द इंग्लंडमध्ये टीव्हीवर लाइव्ह दाखवत नाहीत, लोकांनी मैदानावर जावं म्हणून तिथं तसा जुना नियम आहे, म्हणजे लिव्हरपूलमध्ये घरी बसलेल्या माणसाला जी मॅच दिसत नाही ती मिरजेतल्या पोराला दिसते. चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या स्पर्धेची, रात्रीची मॅच मात्र साडेबारा नायतर दीडला, ती संपेपर्यंत अडीच किंवा साडेतीन. त्यामुळं चर्चेचे दोन प्रकार पडतात. संध्याकाळच्या मॅचची चर्चा गाड्यावर, कट्ट्यावर, समोरासमोर. मध्यरात्रीच्या मॅचची चर्चा आधी मोबाईलवर व्हॉइस मेसेजनं, तोंडावर पांघरूण घेऊन कुजबुजत, घरातले उठू नयेत म्हणून, आणि मग सकाळी समोरासमोर. तासगाव, कवठेमहांकाळकडच्या द्राक्षबागावाल्या घरातली पोरं यात जास्त सापडतात, साडेतीनला मॅच संपली की झोपायचं कशाला, उजाडलं की बागेत औषध मारायचंच असतं, मग ती चर्चा ब्लोअर सुरू करायच्या आधी पाण्याच्या टाकीजवळ उरकते.

कुस्तीचं वळण

इथल्या चर्चेला जे वळण आहे ते फुटबॉलनं आणलेलं नाही, ते कुस्तीनं लावलेलं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. हा जिल्हा कुस्तीचा, हिंदकेसरी मारुती माने कवठेपिरानचे, कुंडलचं मैदान आजही भरतं, आणि ज्यानं मैदान बघितलंय त्याला माहिती आहे की कुस्ती झाल्यावर लोक लगेच उठत नाहीत. निकाल लागलेला असतो, जिंकलेला पैलवान बक्षीस घेऊन माती झाडत येतो आणि वस्ताद त्याला शाबासकी द्यायच्या आधी सांगतात की तिसऱ्या मिनिटाला तू पट दिलास, म्हणजे पाय धरू दिलास, समोरचा कच्चा होता म्हणून वाचलास. जिंकलेल्यालाच चूक सांगायची ही रीत. हारलेल्याला त्या दिवशी कोण बोलत नाही, त्याच्या पाठीवर फक्त हात ठेवतात. फुटबॉलच्या कट्ट्यावर नेमकं तेच चालतं आणि शब्द पण तिथलेच येतात. विंगर खांद्याखालून निसटून गेला की 'बगलडूब मारली', बॅकनं मागून माणूस आडवा केला की 'ढाक लावली', चार-पाच गोलांनी मॅच गेली की 'चितपट'. पेनल्टी शूटआऊटला चाळिशीच्या पुढची माणसं अजून टायब्रेकरच म्हणतात.

शेजारी कोल्हापूर असल्याचा पण परिणाम आहेच, पन्नास किलोमीटरवर. तिथं टीमांची नावंच तालमींची आहेत, पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, आणि शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅचला जो जल्लोष असतो तो बघायला सांगलीतनं पोरं मोटरसायकलवर जातात. येताना जयसिंगपूरला चहाला थांबायचं, तिथं पण चर्चा होतेच, पण ती लवकर तापते कारण त्यात पेठ येते, नातेवाईक येतात. लांबच्या टीमवर माणूस जरा शांतपणे बोलतो.

18 डिसेंबर 2022 ची रात्र

उदाहरण म्हणून ही रात्र सगळ्यात चांगली, कारण त्या दिवशी रविवार होता, मॅच आपल्या वेळेनं साडेआठला सुरू झाली आणि ज्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही ते पण बघत होते. कतारमधलं लुसैल स्टेडियम, अर्जेंटिना विरुद्ध फ्रान्स, वर्ल्ड कपची फायनल. 23 व्या मिनिटाला मेस्सीची पेनल्टी, 36 व्या मिनिटाला डी मारिया, पहिल्या हाफमध्ये फ्रान्सचा एकही शॉट नाही, आणि 79 मिनिटं सगळं सांगलीत मेस्सीच्या जर्सीत फिरणाऱ्यांच्या मनासारखं. मग 80 आणि 81, दोन मिनिटांत एम्बाप्पेचे दोन. जादा वेळेत 108 ला मेस्सी, 118 ला परत एम्बाप्पेची पेनल्टी, 3-3, टायब्रेकरमध्ये 4-2. संपलं तेव्हा साडेअकराच्या आसपास झालेले.

आम्ही मिरजेत एका मित्राच्या गच्चीवर होतो, चादर बांधून प्रोजेक्टर लावलेला, थंडी चांगली पडलेली, भडंगाची परात मध्ये. अर्जेंटिनाच्या मॉन्टिएलनं शेवटची पेनल्टी मारली तेव्हा परात कुणाच्या पायानं उडाली ते आजपर्यंत कळलेलं नाही, सकाळी झाडताना शेंगदाणे गटारीच्या पाइपपर्यंत सापडले. दहा मिनिटं कोण कुणाला मिठी मारतंय काही कळत नव्हतं, एकजण जिन्यात बसून रडत होता, चाळिशी ओलांडलेला माणूस, मॅराडोनानं वर्ल्ड कप जिंकला त्या 1986 ला तो शाळेत पण गेलेला नव्हता, पण थोरल्या भावानं सांगितलेल्या मॅराडोनाच्या गोष्टींवर मोठा झालेला. आणि मग हाच माणूस डोळे पुसत वर आला आणि पहिलं वाक्य काय बोलला तर, 'डी मारियाला 64 व्या मिनिटाला काढायला नको होता.'

झालं. पुढचा दीड तास त्याच्यावर. डी मारियाला अर्जेंटिनाचा कोच स्कालोनीनं त्या दिवशी डावीकडून खेळवला, फ्रान्सच्या उजव्या बाजूला कुंदे आणि डेंबेले, पहिली पेनल्टी मिळाली ती डेंबेलेनं त्याला पाडल्यावर, दुसरा गोल त्याचा स्वतःचा, आणि फ्रान्सचे कोच देशाँनी तर डेंबेले आणि जिरू दोघांना पहिला हाफ संपायच्या आधीच बाहेर काढलं. मग असा माणूस तू काढतोस? दुसरी बाजू म्हणाली की तो 34 वर्षांचा, दुखापतीतून आलेला, दम संपलेला, त्याच्या जागी अकुन्या आणला तो बचावाला, 2-0 असताना कोण पण तेच करेल. पहिली बाजू, अरे पण तिथूनच फ्रान्सच्या त्या बाजूवरचा धाक गेला की, समोरचा पैलवान नुसता उभा जरी असला तरी आपण पट काढायला घाबरतो, तो गेला की मोकळं रान. हे पटलं की नाही ते सोडा, पण अशी तुलना करून कुणी मॅच समजावून सांगायला लागलं की ऐकावंसं वाटतं, टीव्हीवरच्या स्टुडिओत हे मिळत नाही.

मग दुसरा गोल परत खेळला गेला. परातीत उरलेले शेंगदाणे, एक लायटर आणि चहाचे चार कागदी कप मांडून. हा मेस्सी, यानं अल्वारेझला दिला, अल्वारेझनं पुढं मोकळ्या जागेत मॅक ॲलिस्टरला, तो पळाला आणि स्वतः मारायच्या ऐवजी आडवा दिला, डी मारिया डावीकडून आला. लायटर म्हणजे डी मारिया. तीन वेळा तो गोल शेंगदाण्यांनी मारून झाला आणि तिसऱ्या वेळेला एकाच्या लक्षात आलं की मॅक ॲलिस्टर कुणाच्याच लक्षात नव्हता, गच्चीवर त्याचं नाव कुणी घेतलेलं नव्हतं. तिथून बोलणं त्याच्यावर गेलं. जिंकल्यावर बसण्याचा फायदा हा, स्टारचं कौतुक लवकर संपतं आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या माणसाचं काम दिसायला लागतं.

81 व्या मिनिटाच्या गोलाला पण कुणी माफ केलं नाही. फ्रान्सच्या कोमाननं बॉल हिसकावला तो मेस्सीकडून. हे बोलायला जरा वेळ लागला, सगळ्यांना माहिती होतं पण त्या रात्री मेस्सीचं नाव चुकीत घ्यायचं कुणी? शेवटी गच्चीवरच्या सगळ्यात कडक मेस्सीवाल्यानंच घेतलं. आणि मॉन्टिएलचं तर काय, 118 ची पेनल्टी त्याच्याच हाताला बॉल लागून गेली आणि शेवटची विजयाची पेनल्टी पण त्याचीच. जादा वेळेच्या अगदी शेवटी फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा समोर आला तेव्हा आपल्या गोली मार्टिनेझनं डावा पाय काढून अडवला तो बॉल आत गेला असता तर ही सगळी चर्चा झालीच नसती, यावर मात्र एकमत होतं.

त्याच टीमची 22 नोव्हेंबरची चर्चा पण इथं नोंदवायला पाहिजे कारण ती झालीच नाही. सौदी अरेबियानं 2-1 हरवलं, दुपारी साडेतीनची मॅच, मंगळवार, 36 मॅचांची न हरण्याची साखळी तुटली, आणि संध्याकाळी कट्ट्यावर कोण आलंच नाही. त्या मॅचमधली बचावाची ओळ, पहिल्या हाफमध्ये ऑफसाइडमुळं रद्द झालेले तीन गोल, हे सगळं आम्ही बोललो ते फायनल जिंकल्यावर, जवळजवळ महिन्यानं.

कशावरून भांडणं होतात

मॅन ऑफ द मॅच कोण यावरून होतातच, ते सोडून देतो. जास्त खोल भांडण आकड्यांचं. नवीन पोरं एक्सजी सांगतात, म्हणजे प्रत्येक शॉट ज्या जागेवरून आणि ज्या परिस्थितीत मारला तिथून साधारण किती वेळा गोल होतो याचा हिशोब, पेनल्टीला तो पाऊणच्या आसपास असतो. जुनी माणसं म्हणतात बॉल आत गेला की एक, नाही गेला की शून्य, पाऊण गोल कुठं असतो का. मला विचाराल तर हा आकडा जिंकलेल्या दिवशी फार कामाचा, कारण तो सांगतो की आपण खेळून जिंकलो का नशिबानं, आणि ते ऐकायची तयारी फक्त त्याच दिवशी असते.

दुसरं भांडण, जिंकवलं कुणी, कोचनं का खेळाडूनं. 7 मे 2019 ला चॅम्पियन्स लीगच्या दोन मॅचांच्या सेमीफायनलमध्ये लिव्हरपूलनं बार्सिलोनाला 4-0 मारलं, पहिली मॅच 0-3 गेलेली असताना, सलाह आणि फिर्मिनो दोघं जखमी, गोल कुणाचे तर ओरिगीचे दोन आणि हाफटाइमला आत आलेल्या वाइनाल्डमचे दोन. वाइनाल्डमला आत आणणं हे कोच क्लॉपचं डोकं का रॉबर्टसन जखमी झाला म्हणून आलेली वेळ? आणि चौथा गोल, तो कॉर्नर, अलेक्झांडर-अर्नॉल्ड लांब चालत गेल्यासारखं करून झटकन मागं फिरला आणि मारला, बार्सिलोनाचे बॅक अजून पाठ करूनच उभे. हे कुठल्या फळ्यावर लिहून देता येत नाही. त्यावर एका वस्तादांच्या घरातल्या पोरानं सांगितलं होतं की कुस्तीत समोरच्याची नजर हलली की तोच क्षण, आणि मग ज्यांना लिव्हरपूलशी काही देणं नाही ते पण बोलण्यात आले.

पोरींचा वाटा

हे कमी बोललं जातं म्हणून मुद्दाम लिहितो. स्मृती मानधनाच्या गावात खेळ कळणाऱ्या पोरी नाहीत असं कोण म्हणेल? पण रात्री साडेअकराला गाड्यावर त्या नसतात, घरून सोडत नाहीत, त्यामुळं त्यांची चर्चा ग्रुपवर व्हॉइस मेसेजनं चालते आणि कट्ट्यावरच्यांपर्यंत ती पोचतच नाही. 1 जून 2025 च्या पहाटे पॅरिसनं इंटरला चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये 5-0 मारलं, त्या कपच्या फायनलमधला सगळ्यात मोठ्या फरकाचा विजय, तेव्हा कट्ट्यावर सगळे पॅरिसच्या दुएच्या दोन गोलांवर अडकलेले. माझ्या मामेबहिणीनं चार मिनिटांचा मेसेज पाठवला की इंटरच्या गोलीला किकऑफपासून बॉल आरामात खेळूच दिला नाही, डेंबेले पेनल्टी एरियाच्या तोंडावर रनरच्या शर्यतीसारखा वाकून उभा राहायचा, ते बघा. आम्ही हायलाइट्स परत लावले आणि खरंच तेच. हाच डेंबेले, ज्याला 2022 च्या फायनलमध्ये 41 व्या मिनिटाला बाहेर काढलेला. ती गाड्यावर असती तर हे आम्हाला त्याच दिवशी कळलं असतं, दोन दिवसांनी नाही.

शेवट कसा होतो

चर्चा ठरवून संपत नाही. गाडेवाला भांडी घासायला घेतो, स्टोव्हचा आवाज बंद होतो, मिरज जंक्शनवरून एखादी गाडी हॉर्न देत निघते आणि एकजण घड्याळ बघतो. मग मोटरसायकलवर बसता बसता, एक पाय जमिनीवर ठेवून, ठरलेला प्रश्न येतो.

'पुढची कधी हाय?'

'बुधवारी. दीडला.'

'कोण कोण हाय?'

आणि हेल्मेट घातलेलं असताना परत सुरू होतं की डावा बॅक जखमी आहे, मग डावीकडं कोण, आणि गाडी बंद करून माणूस खाली उतरतो.