विटेपेक्षा पत्रा बरा

टाकाऊ प्लास्टिकातून वस्त्यांतल्या घरांसाठी बांधकामाचं साहित्य करावं का, आणि कोणतं, हा इथला प्रश्न. मुंबईतल्या धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये, म्हणजे भंगार वेगळं करून पुन्हा वापरात आणणाऱ्या भागात, प्लास्टिक ओळखायला यंत्र लागत नाही. कारागीर तुकडा वाकवतो, टिचकी मारून आवाज ऐकतो, शंका राहिलीच तर पेटवून वास घेतो. मग माल वेगळा होतो, दळला-धुतला जातो आणि वितळवून त्याचा दाणा पडतो. ही निवड नुसत्या भावासाठी नसते. पिशव्यांचं पॉलिथीन ११० ते १३० अंश सेल्सिअसला वितळतं, पाण्याच्या बाटलीचं पेट मात्र २५०च्या आसपास. दोन्ही एकत्र तापवली तर एक कच्चं राहतं, नाहीतर दुसरं करपतं. पाइपांचं पीव्हीसी चुकून आलंच तर घशाला झोंबणारा हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो.

वेफर्स-बिस्किटांच्या चकचकीत वेष्टनांना मात्र भंगारवाला हात लावत नाही. त्यात प्लास्टिकचे आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले. ते सोडवणं परवडत नाही. पण सोडवायचे कशाला? वेष्टनं बारीक कापून गरम दाबयंत्रात घातली की त्यातलं पॉलिथीन वितळून डिंकाचं काम करतं आणि बाकीचे तुकडे त्यात अडकून राहतात. थंड झाल्यावर हाती येतो पत्रा किंवा फळी. तो गंजत नाही, पाणी पीत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात एवढं पुष्कळ झालं.

प्लास्टिकच्या विटांचं कौतुक मात्र मला जपूनच करावंसं वाटतं. आयव्हरी कोस्टमध्ये युनिसेफने कोलंबियाच्या एका कंपनीच्या तंत्राने प्लास्टिक विटांचे वर्ग बांधले, ते बैठे. आपल्या वस्त्यांत घरं माळ्यावर माळा चढवत वाढतात. कायमचं ओझं असलं की प्लास्टिक वर्षानुवर्षं हळूहळू दबत जातं, उन्हात काँक्रीटच्या कित्येक पट फुगतं. भार लोखंडी सांगाड्याने घ्यावा, प्लास्टिकने फक्त भिंत झाकावी, हे बरं.

खरी अडचण आगीची आहे. जिथे अग्निशमन दलाचा बंब गल्लीच्या तोंडाशीच अडतो, तिथे जळत थेंब-थेंब गळणारं छप्पर कुणाला हवंय? आग रोखणारी रसायनं मिसळता येतात, पण मग स्वस्ताई कमी होते. सध्या तरी वितळलेल्या प्लास्टिकात वाळू कालवून केलेले पेव्हर ब्लॉक मला अधिक पटतात: वाळू जळत नाही, दबत नाही, आणि जमिनीवरच्या लादीला कुणाचा माळा पेलायचा नसतो.