हरित तंत्रज्ञान कोणी कोणाला द्यायचे? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

हवामान परिषदांमध्ये तंत्रज्ञान हस्तांतरणावरून होणारे भांडण हवामान करारापेक्षाही जुने आहे. परदेशी कंपन्या तंत्रज्ञान विकताना ज्या जाचक अटी घालतात त्यांना आंतरराष्ट्रीय नियमांचा लगाम हवा, अशी मागणी विकसनशील देशांनी १९७० च्या दशकात लावून धरली. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार-विकास परिषदेच्या (‘अंक्टाड’) पुढाकाराने अशा आचारसंहितेवर १९७८ ते १९८५ वाटाघाटी झाल्या. संहिता काही झाली नाही.

पहिले यश ओझोनच्या निमित्ताने मिळाले. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारात सामील व्हायला भारत आणि चीन तयार नव्हते. ओझोनचा थर विरळ करणारे सीएफसी वायू वापरणे सोडायचे, तर पर्यायी रसायने बनवण्याची विद्या मोजक्या कंपन्यांकडेच होती. अखेर १९९० मध्ये लंडनला करारात दुरुस्ती झाली. कारखाने बदलण्याचा वाढीव खर्च भागवणारा बहुपक्षीय निधी उभा राहिला आणि न्याय्य, अनुकूल अटींवर तंत्रज्ञान देण्याचे कलम आले. मग चीन १९९१ मध्ये आणि भारत १९९२ मध्ये सामील झाला. पर्यायी वायूंचे पेटंट असलेल्या कंपन्यांनी हात आखडताच ठेवला, पण निदान पैसा ठरलेल्या ठिकाणाहून येत होता.

रिओच्या १९९२ च्या हवामान कराराला असा निधी मिळाला नाही. कलम ४.५ नुसार तंत्रज्ञान पोहोचवण्यासाठी शक्य ती पावले उचलणे हे विकसित देशांचे कर्तव्य ठरले. विकसनशील देश करार किती पाळतील हे पैसा आणि तंत्रज्ञान किती मिळते यावर अवलंबून राहील, असे कलम ४.७ सांगते. पण तंत्रज्ञान सरकारांच्या मालकीचे नव्हतेच, ते कंपन्यांचे होते. त्यातच १९९५ पासून जागतिक व्यापार संघटनेचा, पेटंटसारख्या बौद्धिक संपदा हक्कांविषयीचा ‘ट्रिप्स’ करार लागू झाला आणि वीस वर्षांचे पेटंट हा जागतिक व्यापाराचा नियम बनला.

पुढची वीस वर्षे बरीचशी समित्या नेमण्यात गेली. २००१ मध्ये माराकेशला तज्ज्ञगट स्थापन झाला, २०१० मध्ये कानकुनला ‘तंत्रज्ञान यंत्रणा’ आली. कानकुनच्या निर्णयातून बौद्धिक संपदेचा विषय मात्र पूर्णपणे गळला. सक्तीच्या परवान्यांची (पेटंटधारकाच्या संमतीशिवाय उत्पादनाची मुभा) मागणी आणि अमेरिकेचा ठाम विरोध यांतून वाट निघत नव्हती, म्हणून तो बाजूला ठेवूनच बाकीचे जुळवले गेले. माझ्या मते पेटंटवर जितका शब्दांचा मारा झाला तितका तो अडसर मोठा नव्हता. अनेक गरीब देशांत कंपन्या पेटंट घेण्याच्या फंदातही पडत नाहीत. तिथे उणीव असते ती अभियंत्यांची, सुट्या भागांच्या पुरवठादारांची आणि स्वस्त कर्जाची.

खरे हस्तांतरण या सभागृहांच्या बाहेर झाले. पवनचक्क्या बनवणाऱ्या भारतीय सुझलॉन कंपनीने १९९० च्या दशकात ‘सुडविंड’ या छोट्या जर्मन कंपनीकडून पवनचक्कीचे तंत्र घेतले आणि ती बुडाल्यावर तिचे अभियंते नोकरीवर घेतले. प्रस्थापित कंपन्या भावी प्रतिस्पर्ध्याला कशाला शिकवतील? शिकवायला तयार होत त्या लहान किंवा अडचणीतल्या कंपन्या. २००७ मध्ये सुझलॉनने ‘आरईपॉवर’ या बड्या जर्मन कंपनीवर ताबा मिळवला, तरी तिचे तंत्रज्ञान हाती येईना, कारण जर्मन कायदा अल्पसंख्य भागधारकांना संरक्षण देतो. २०११ मध्ये उरलेले सगळे शेअर विकत घेतल्यावर तो अडथळा दूर झाला. २०१५ मध्ये कर्जापायी सुझलॉनला ती जर्मन कंपनीच विकावी लागली. चीनच्या गोल्डविंड या पवनचक्की कंपनीनेही आधी जर्मन तंत्राचे परवाने घेतले आणि २००८ मध्ये ‘वेन्सिस’ या जर्मन कंपनीत बहुसंख्य हिस्सा घेतला.

सौरऊर्जेची कथा आणखी बोलकी. चिनी कंपन्यांनी युरोप-अमेरिकेतील उत्पादकांकडून यंत्रसामग्री विकत घेतली. २००१ मध्ये सनटेक ही चिनी सौर कंपनी स्थापन करणारे शी झेंगरोंग ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात सौरघट संशोधक मार्टिन ग्रीन यांचे विद्यार्थी होते. आणि ग्राहक मिळवून दिला तो २००० च्या जर्मन कायद्याने, ज्यात सौर विजेला वीस वर्षे ठरावीक दर होता. यंत्रे, माणसे आणि बाजारपेठ या तिन्ही गोष्टी हवामान कराराच्या कोणत्याही कलमाशिवाय जुळून आल्या. आज सौर पॅनेलच्या निर्मितीच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक आहे.

त्यामुळे मागणाऱ्यांचा रोखही चीनकडे वळतो आहे. डिसेंबर २०२३ मध्ये चीनने दुर्मिळ मृदा धातू वेगळे करण्याच्या आणि त्यांचे चुंबक बनवण्याच्या तंत्राच्या निर्यातीवर बंदी घातली. जुलै २०२५ मध्ये बॅटरीच्या कॅथोडचे (धन ध्रुवाचे) काही तंत्रज्ञान बाहेर देण्यासाठी सरकारी परवानगी सक्तीची केली. हवामान करारात मात्र चीन अजून विकसनशील देशांतच मोजला जातो, म्हणून कलम ४.५ चे कर्तव्य त्याला लागू होत नाही.