डिक्कीतल्या गोण्या आणि बर्फावरची छोटी गाडी

कडाक्याची थंडी पडली की आपल्याकडच्या पेपरांत एक फोटो हमखास झळकतो. तोरणमाळला, नाहीतर अक्कलकुव्याच्या डाबला दवबिंदू गोठलेले, उभ्या गाडीच्या टपावर पांढरा थर, आणि वर मथळा ‘सातपुड्यात काश्मीर’. टपाचा पातळ पत्रा रात्रभर निरभ्र आकाशाकडे उष्णता सोडत राहतो आणि त्याला खालून ऊब मिळत नाही. म्हणून हवा शून्याच्या दोन-चार अंश वर असली तरी पत्रा शून्याखाली उतरतो व त्यावरचं दव गोठतं. डांबरी रस्त्याला मात्र जमिनीची ऊब असते. त्यामुळे फोटोत काश्मीर दिसलं तरी घाटात चाकाखाली डांबरच असतं.

खरा बर्फ भेटतो मनालीच्या पुढे. नाताळच्या सुट्टीत जळगाव-धुळ्याहून आठशे-साडेआठशे किलोची छोटी गाडी घेऊन थेट सोलांगकडे निघणारे आता कमी नाहीत. निघण्याआधी हवा तपासताना टायरवाला आपुलकीनं सांगतो, “डिक्कीमा दोन गोण्या टाकी द्या भाऊ, गाडी दबी राही.” हलकी गाडी घसरते, जड गाडी रस्ता धरते, हा समज काळ्या मातीच्या शेतातून आलेला आहे. ट्रॅक्टरचा जोर मागच्या चाकांवर असतो, म्हणून नांगरटीला मागच्या टायरांत पाणी भरतात. तिथे ते बरोबरच आहे.

आता शाळेतलं घर्षण आठवा. घर्षणाचं बल म्हणजे घर्षणाचा गुणांक (पृष्ठभाग किती पकड देतो हे सांगणारा आकडा) गुणिले भार. गाडी दुप्पट जड केली की घर्षण दुप्पट होतं, पण थांबवायचं वस्तुमानही दुप्पट होतं. दोन्ही बाजूंनी वस्तुमान कटतं आणि समीकरणात उरतात फक्त वेग आणि गुणांक. कोरड्या डांबरावर गुणांक ०.७ च्या आसपास, दाबल्या गेलेल्या बर्फावर ०.२, आणि वितळू लागलेल्या गुळगुळीत बर्फावर ०.१ किंवा त्याहून कमी. ताशी ४० किलोमीटर वेगाला ब्रेक लागल्यावर गाडी डांबरावर ९ मीटरांत थांबते, दाबलेल्या बर्फावर ३१ मीटर घेते, ओल्या बर्फावर ६० मीटरांच्या पुढे जाते. गाडी छोटी असो की सात आसनी, हे आकडे जवळजवळ तेच.

०.१ पेक्षा कमी म्हणजे किती, हे रावेर-यावलच्या माणसाला पटकन कळेल. केळीच्या सालीवर पाय पडला तर किती घसरतो, हे जपानी संशोधकांनी खरोखर मोजलं होतं. गुणांक भरला साधारण ०.०७. त्याबद्दल त्यांना २०१४ चं इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक. तेव्हा ओल्या बर्फावर गाडी चालवणं म्हणजे सालींच्या गालिच्यावर चालवणं.

पण बर्फ मुळात निसरडा का? मला या विषयाचं वेड आहे ते इथे. काच गुळगुळीत असते, तरी कोरड्या काचेवर टायर असा सुटत नाही. बरीच वर्षं पाठ्यपुस्तकांत उत्तर असायचं की दाबामुळे बर्फ वितळतो. दाब वाढला की बर्फाचा वितळणबिंदू खाली येतो हे १८५० च्या सुमारास सिद्ध झालं, आणि १८८६ मध्ये जॉन जोली या शास्त्रज्ञानं त्यावरून स्केट्सचं, म्हणजे बर्फावर घसरायच्या पातेदार बुटांचं, घसरणं समजावलं. हे आपल्या टायरला लावून पाहा. वितळणबिंदू एक अंशानं उतरवायला सुमारे १३५ वातावरणांचा, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या १३५ पट दाब लागतो. टायर रस्त्यावर साधारण आतल्या हवेइतकाच दाब देतो, म्हणजे दोन-सव्वादोन वातावरणं. वितळणबिंदू उतरला किती? एका अंशाचा साठावा भाग. उणे पाच अंशांवर त्यानं काहीही होत नाही. गंमत म्हणजे गाडी जड केली तरी हा दाब फारसा वाढत नाही. टायर थोडा अधिक चपटा होतो आणि टेकण्याची जागा वाढते, इतकंच.

मग १९३९ मध्ये बाउडन आणि ह्यूज या शास्त्रज्ञांनी घर्षणाच्या उष्णतेकडे बोट दाखवलं. चाक घसरतं, उष्णता निर्माण होते, पातळ पाणी सुटतं. घसरत्या चाकाला हे लागू पडतं. पण बर्फावर नुसतं उभं राहिलं तरी पाय सरकतोच. त्याचा धागा मायकेल फॅरडे यांच्याकडे जातो. बर्फाचे दोन तुकडे एकमेकांना टेकवले की जुळून येतात, म्हणून बर्फाच्या पृष्ठावर पाण्यासारखा थर असावा, असं त्यांनी १८५० मध्ये मांडलं. आतला पाण्याचा रेणू चार शेजाऱ्यांना हायड्रोजन बंधांनी जखडलेला असतो. पृष्ठावरच्या रेणूला वर शेजारीच नाही. त्यामुळे तिथले काही रेणू फक्त दोन-तीन बंधांवर टिकतात आणि सुटून इकडेतिकडे गडगडतात. २०१८ मध्ये बर्फावर पोलादाचा गोल घासून केलेल्या मोजमापात घर्षण उणे सात अंशांच्या आसपास सर्वांत कमी भरलं. त्याहून गार बर्फात रेणूंची हालचाल मंदावते आणि घर्षण वाढतं. त्याहून उबदार बर्फ मऊ पडतो आणि गोल त्यात रुततो. रबराचं गणित थोडं वेगळं आहे. दुपारी वरचा बर्फ पाघळतो आणि पाण्याचा थर जाड होतो, तेव्हा टायर सर्वांत बेभरवशाचा. त्यात आपले टायर खान्देशच्या ४५ अंशांसाठी ठीक. सात अंशांखाली त्यांचं रबर ताठरू लागतं आणि रस्त्याच्या खाचखळग्यांत शिरत नाही.

तर गोण्या. आपली छोटी गाडी बहुधा पुढच्या चाकांनी ओढली जाते आणि इंजिनही पुढेच. रिकाम्या गाडीचं सुमारे ६० टक्के वजन त्या दोन चाकांवर असतं, हीच तिची खरी जमेची बाजू. डिक्कीत ६० किलोची गोणी मागच्या आसाच्या अर्धा मीटर मागे ठेवली, तर तरफेच्या नियमानं पुढची चाकं बारा-तेरा किलोंनी हलकी होतात. जी चाकं ओढतात आणि वळवतात तीच उचलली जातात. ०.२ गुणांकावर रिकामी गाडी ढोबळमानानं आठास एक चढ चढेल. मागे माणसं आणि सामान भरलं की तेवढाही नाही.

चारही चाकांना ताकद देणारी महागडी गाडी चढाला उपयोगी, यात वाद नाही. पण जाहिरातीत ती बर्फ उडवत वळणं घेते, तेव्हा लक्षात ठेवा की ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात. थांबताना तिचा फायदा शून्य. नव्या गाडीच्या चाकाखाली चिरडलेल्या लिंबाचाही तितकाच.

उपयोग होतो तो टायरभोवती बांधायच्या लोखंडी साखळीचा. टायरचा भार लोखंडाच्या मोजक्या कड्यांवर एकवटतो आणि कडी बर्फात रुतते. बर्फ पडल्यावर सोलांग किंवा अटल बोगद्याकडे साखळीशिवाय साध्या गाड्या अनेकदा सोडत नाहीत. ती पुढच्या चाकांना लावायची, हळू चालवायचं, आणि कोरडा रस्ता लागला की थांबून काढायची. तशीच पळवली तर कड्या झिजून तुटतात आणि मडगार्ड आतून फोडतात.