रास प्रथिनाचे पेशीपटलावरील सक्रियीकरण

रास हे सुमारे 21 किलोडाल्टन वजनाचे, पेशीपटलाच्या आतल्या बाजूस चिकटून राहणारे छोटे जीटीपेज, म्हणजे जीटीपी या रेणूचे जीडीपीत विघटन करणारे, प्रथिन आहे. पेशीने वाढावे, विभागावे की एखादे विशिष्ट रूप धारण करावे, यासंबंधी बाहेरून येणारे अनेक संदेश त्याच्यामार्फत आत पोहोचतात. जीडीपी हा रेणू बांधलेला असताना रास निष्क्रिय असते आणि जीटीपी बांधला गेल्यावर सक्रिय होते. दोहोंत फरक फक्त एका फॉस्फेट गटाचा. पण त्यामुळे प्रथिनाच्या पृष्ठभागावरील ‘स्विच 1’ आणि ‘स्विच 2’ हे भाग वेगळा आकार घेतात व रॅफसारखी पुढची प्रथिने रासला बांधली जाऊ शकतात.

ही अदलाबदल आपोआपही होते, परंतु अतिशय संथपणे. रासची जीडीपीवरील पकड इतकी घट्ट असते की तो सुटण्यास तासांच्या मापात वेळ लागतो, आणि संदेश तर काही मिनिटांत पोहोचावा लागतो. ही अडचण ग्वानीन न्यूक्लिओटाइड विनिमय घटक, म्हणजेच जीईएफ, दूर करतात. रासच्या अशा घटकांपैकी अतिशय बारकाईने अभ्यासले गेलेले प्रथिन म्हणजे ‘सन ऑफ सेव्हनलेस’ अथवा एसओएस. त्याचा माग फळमाशीच्या डोळ्यात लागला. या संयुक्त डोळ्याच्या प्रत्येक नेत्रिकेत आठ प्रकाशग्राही पेशी असतात. सेव्हनलेस या ग्राहीचा, म्हणजे बाहेरचा संदेश टिपणाऱ्या पटलावरील प्रथिनाचा, जनुक बिघडला, तर त्यांतील सातवी पेशी तयार होत नाही. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकाच्या आरंभी या ग्राहीचा संदेश पुढे नेणारी जनुके शोधली जात असताना एसओएस सापडले, आणि सस्तन प्राण्यांच्या पेशींतही तीच साखळी काम करते हे लवकरच स्पष्ट झाले.

जॉन कुरियन व डाफ्ना बार-सागी यांच्या गटांनी 1998 मध्ये रास आणि एसओएस यांच्या जोडीची स्फटिकरचना प्रसिद्ध केली. एसओएसच्या सीडीसी25 या भागातून बाहेर आलेली सर्पिलांची जोडी रासमध्ये शिरते, स्विच 1 बाजूला सारते आणि फॉस्फेट व मॅग्नेशियम आयन यांना धरून ठेवणारी मांडणी मोडते, असे तीत दिसले. जीडीपी निसटल्यावर रिकाम्या जागेत कोणता रेणू येईल, हे एसओएस ठरवत नाही. पेशीत जीटीपीचे प्रमाण जीडीपीच्या अनेक पट असल्यामुळे बहुतेक वेळा तिथे जीटीपी येऊन बसतो.

एसओएसला पटलापर्यंत आणले की काम झाले, असे बराच काळ मानले जात असे. वाढघटक ग्राहीला चिकटला की ग्राहीवरील टायरोसिन या ॲमिनो अम्लांना फॉस्फेट गट जोडले जातात. ग्रब2 हे प्रथिन आपल्या एसएच2 भागाने ते ओळखते आणि एसएच3 भागांनी एसओएसच्या प्रोलिनयुक्त शेपटीला धरून ठेवते. रास आपल्या टोकाच्या सिस्टीनाला जोडलेल्या फार्नेसिल या मेदशृंखलेने पटलात आधीच रोवलेले असते, त्यामुळे दोघांची गाठ पडते. हे सारे खरे आहे, पण अपुरे आहे. पेशीद्रवात असताना एसओएस स्वतःच स्वतःला रोखून धरते. त्याला रास बांधण्याच्या दोन जागा आहेत: एक विनिमय घडवणारी आणि दुसरी नियामक. डीएच आणि पीएच हे त्याचेच भाग नियामक जागेवर आडवे आलेले असतात. पटलाशी संपर्क आल्यावर पीएच भाग पीआयपी2 या मेदाला आणि हिस्टोनसदृश भाग ऋणभारित मेदांना बांधला जातो. त्याने अडथळा हटतो व नियामक जागा उघडी पडते. तेथे रासचा एक रेणू बसला की सक्रिय जागेचा वेग वाढतो, आणि तो रेणू जीटीपीयुक्त असेल तर अधिकच वाढतो. म्हणजे रासच्या सक्रियतेतून रासचीच आणखी सक्रियता उद्भवते. अशा रीतीने पटलाला जखडलेला एसओएसचा एकच रेणू तिथून न सुटता रासचे अनेक रेणू एकामागून एक सक्रिय करत राहतो. संदेशाची पातळी हळूहळू चढण्याऐवजी पेशी निर्णायकपणे एका अवस्थेतून दुसरीत जाते, यामागे हे एक महत्त्वाचे कारण आहे. पटल हे येथे केवळ घटनास्थळ नसून नियंत्रणाचा घटक आहे.

इतर छोट्या जीटीपेजांतही पटलाचा असाच सहभाग आढळतो, मात्र मार्ग निराळा असतो. एआरएफ1 प्रथिनाला जीटीपी मिळतो तेव्हाच त्याचे मेदयुक्त टोक बाहेर येऊन गॉल्जी पटलात रुतते.

रासला पुन्हा निष्क्रिय करणारी न्यूरोफायब्रोमिनसारखी प्रथिने जीटीपीचे विघटन वेगवान करतात. रासच्या 12, 13 किंवा 61 क्रमांकाच्या ॲमिनो अम्लातील उत्परिवर्तनांमुळे ही पायरी अडते आणि अनेक कर्करोगांना चालना मिळते. एसओएस1 जनुकातील आत्मरोध सैल करणारी उत्परिवर्तने मात्र नूनन सिंड्रोम या जन्मजात विकारात आढळतात. 2007 मध्ये त्यांची नोंद झाली. अमेरिकेत 2021 मध्ये मान्यता मिळालेले सोटोरासिब हे औषध के-रास या रासच्या एका रूपाच्या जी12सी (12 क्रमांकाच्या जागी ग्लायसिनऐवजी सिस्टीन असलेल्या) प्रकाराला तो जीडीपीयुक्त अवस्थेत असतानाच पकडते. एसओएस जितके कार्यरत, तितके रास या अवस्थेत कमी सापडते. म्हणून एसओएस रोखणारे रेणू अशा औषधांच्या जोडीला देण्याच्या दिशेने संशोधन चालू आहे.